जाग आणि गजर



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांना अभिवादन करून मी विषयाकडे वळतो. प्रश्न साधा आहे : निजलेल्या माणसाला जागे कसे करावे? स्मृतिव्याख्यानासाठी तो किरकोळ वाटेल. परंतु पहिल्या तासाला डोळे चोळत बसलेली मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना तसे वाटणार नाही.

मी भाषेचा अभ्यासक; तेव्हा आरंभ शब्दांपासून करतो. आपण ‘मी उठलो’ म्हणतो आणि ‘मला जाग आली’ असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात कर्ता मी आहे. दुसऱ्यात जाग पाहुण्यासारखी येते. या दोन क्रियांमधले अंतर मराठीने जपले आहे. शरीरशास्त्रही तेच सांगते. गाढ झोपेतून एकाएकी उठविलेल्या माणसाची बुद्धी काही काळ मंद राहते. हे जडत्व साधारणतः १५ ते ३० मिनिटांत ओसरते. मेलबर्न येथील आरएमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये ५० जणांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांच्या घड्याळाचा गजर सुरेल होता, त्यांनी हे जडत्व कमी जाणवल्याचे सांगितले. पाहणी लहान होती आणि उत्तरे ज्याच्या त्याच्या जाणिवेवर आधारलेली होती. तिच्यावरून सिद्धान्त मांडू नये. मात्र आपल्या एका जुन्या व्यवहाराला ती अनुकूल आहे.

तो व्यवहार भूपाळीचा. वाल्मीकींच्या बालकांडात विश्वामित्र रामाला पहाटे हाक मारतात. पंढरपुरी काकडआरतीने विठ्ठलाला उठवितात. शाहीर होनाजी बाळा यांची भूपाळी १९५१ च्या ‘अमर भूपाळी’ या चित्रपटामुळे घरोघरी पोचली. आपल्या शेजारभाषेत, गुजरातीत, नरसिंह मेहतांची प्रभातिये आहेत. त्यांतील पुष्कळशी ३७ मात्रांच्या झुलणा छंदात आहेत. छंदाच्या नावातच झोका आहे! उठवायचे, पण लय पाळण्याची, हे कवीचे शहाणपण. ही गीते नाव घेऊन हाक मारतात, उजाडल्याची वार्ता देतात, दाराशी कोण तिष्ठत आहे ते सांगतात. म्हणजे ती निजलेल्याला उठण्याचे कारण देतात.

आता ‘गजर’ हा शब्द पाहा. हिंदीत प्रहराप्रहराला वाजणाऱ्या घंटेला गजर म्हणतात. आपण नामाचाही गजर करतो आणि घड्याळालाही गजर लावतो. घंटेचा आणि नामाचा गजर सर्वांसाठी असतो. घड्याळाचा मात्र एकासाठीच असावा लागतो. त्याचे मर्म आपल्या सुरतेइतके कोठे कळणार? तापीच्या काठाकाठाने खानदेशातून आलेली आपली कितीतरी कुटुंबे लिंबायत-उधन्याकडे राहतात. तेथले माग १२ तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. रात्रभर मागांचा खडखडाट सोसून वडील सकाळी अंग टाकतात, त्याच सुमारास मुलाची शाळेची वेळ होते. खोली एक, झोपा दोन. कर्कश गजर मुलाबरोबर बापालाही उठवितो. येथे मंजुळ किणकिण हा श्रीमंती शौक नाही. श्रमणाऱ्या माणसाच्या झोपेचा तो मान आहे.

मंद गजराने मूल उठत नाही, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप खरा आहे. परंतु त्याचे उत्तर रात्रीत आहे, घड्याळात नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. अकरा वाजता निजलेल्या मुलाला पहाटे साडेपाचला कोणताही सूर गोड लागणार नाही. म्हणून आधी निजण्याची वेळ सांभाळावी. मग गजर हळू सुरू होऊन चढत जाणारा निवडावा, घड्याळ मुलाच्या उशाशी ठेवावे, आणि जमेल तेथे त्यालाही सुट्टी देऊन पाठीवर हात ठेवावा व नावाने हाक मारावी. आग लागली, पूर आला, तर भोंगा वाजलाच पाहिजे. २००६ चा तापीचा पूर पाहिलेल्यांना हे सांगायला नको. पण रोजची सकाळ हे संकट नव्हे. तिला संकटाचा आवाज का द्यावा?

शिक्षकबंधूंनो, वर्गातही आपण हेच काम करतो. विद्यार्थ्याला दरडावून उभे करता येते. त्याला जाग यावी यासाठी मात्र धीर लागतो. ज्यांच्या स्मृतीस्तव आपण जमलो आहोत, त्यांच्या व्यवसायाचे सार मला यात दिसते.