घरचीं सरबतें

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला चार घरीं जाऊन आलेल्या बाईला चार चवींचें पन्हें प्यावें लागतें. प्रत्येक घरची गृहिणी मात्र "माप नेहमींचेंच" असें शपथेवर सांगते, आणि तीं खोटें बोलत नसते. माप तेंच असतें. कैरी तीच नसते. चैत्रांतील करकरीत कैरी आणि वैशाखांत पाडाला आलेली कैरी ह्यांच्या आंबटपणांत महदंतर पडतें. फळ पिकूं लागलें म्हणजे त्यांतील आम्ल ओसरतें व साखर वाढते. म्हणून वहींत लिहिलेलें "एक वाटी गर, दीड वाटी गूळ" हें वाक्य आरंभापुरतेंच खरें. पुढचें काम जिभेचें.

कैरी उकडलेली असो वा निखाऱ्यावर भाजलेली, गर गार होऊं द्यावा, मग गूळ मिसळावा, आणि पाणी अगदीं शेवटीं. गुळानें रंग काळवंडतो, पण चव भरते. साखरेनें केशर खुलतें. वेलदोडा व केशर ह्यांचें जुळतें. त्यांतच जिरें आणि पुदिना घालणें म्हणजे एका मांडवांत दोन लग्नें लावण्यासारखें आहे. पुदिन्याला व आल्याला लिंबू बरें.

लिंबाच्या सरबताला सोपें म्हणतात, आणि बिघडतें तेंच अधिक. लिंबू जोर करून पिळलें कीं सालीचें तेल व बियांचा कडवटपणा रसांत उतरतो. साखर बर्फाच्या पाण्यांत लवकर विरत नाहीं. ती आधीं साध्या पाण्यांत विरघळवून घ्यावी. शिवाय गार पदार्थाचा गोडवा जिभेला कमी लागतो, म्हणून चव पाहावयाची ती गार झाल्यावरच. मीठ चिमूटभर. त्यानें कडवटपणा दबतो व गोडी उठून दिसते.

ह्या चिमटीचें दुसरें कार्य अधिक मोठें आहे. १९७१ सालीं बांगला देशांतून आलेल्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत पटकीची सांथ पसरली आणि शिरेंतून देण्याचें सलाईन अपुरें पडूं लागलें. तेव्हां डॉ. दिलीप महलनबीस ह्यांनीं ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा पाण्यांत कालवून तें रोग्यांना तोंडानेंच पाजण्याची व्यवस्था केली, आणि मृत्यूचें प्रमाण झपाट्यानें खालीं आलें. आंतड्यांत साखरेच्या सोबतीनें मिठांतील सोडियम शोषलें जातें व त्यांच्या मागोमाग पाणी जातें, हें त्यांतील इंगित. परंतु तेथें प्रमाण काटेकोर होतें. जुलाब होणाऱ्या मुलाला घरचें गोडमिट्ट सरबत पाजणें धोक्याचें आहे. जादा साखरेनें जुलाब वाढतात. त्याच्यासाठीं औषधाच्या दुकानांत मिळणारी क्षार-संजीवनीची पुडीच, पुडीवर सांगितलेल्या पाण्यांत, विरघळवावी. येथें जिभेचें काम नाहीं.

कोकमाची गोष्ट निराळी. तें एका दुपारीं होणारें सरबतच नव्हे. कोंकणांतील रातांबा एप्रिल-मे महिन्यांत पिकतो, आणि आकाशांत ढग दिसूं लागले कीं घरांत धांदल उडते. उन्हाचे आठ दिवस हातीं लागले तर वर्षाची बेगमी. मधेंच वळीव कोसळला तर नास. फळें धुवून कोरडीं पुसावीं, अर्धीं चिरून बिया काढाव्या, आणि सालींच्या वाट्या साखरेनें भरून चिनीमातीच्या बरणींत थरावर थर रचावे. सालींच्या दुप्पट वजनाची साखर लागते. येथें काटकसर करणारा पस्तावतो, कारण पाक दाट असला तरच त्यांत बुरशीला वाव मिळत नाहीं. तोंडाला फडकें बांधून बरणी उन्हांत ठेवावी. दुसऱ्या दिवसापासून साखर सालींतला रस ओढूं लागते व तळाशीं माणकासारखा लाल पाक सांठतो. चमचा ओला असतां कामा नये. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यांत तर तो रस घटकाभरहि ठेवूं नये. आम्लानें धातु विरघळून विषबाधा होते.

गाळलेल्या पाकाच्या एका भागाला चार भाग पाणी, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. कोणी मिरपूड घालतात; पहिल्या पेल्यांत तरी घालूं नये, रातांब्याचा स्वतःचा वास आधीं कळूं द्यावा. शहरांतल्या बिऱ्हाडांना आठ दिवसांचें ऊन मिळणें कठीण. त्यांनीं बाटली विकत घेतांना घटकांची यादी वाचावी व कृत्रिम रंग घातलेली बाटली दुकानांतच राहूं द्यावी.

बरणींत उरलेल्या साली टाकण्याचें कारण नाहीं. त्यांना थोडें मीठ चोळून ताटांत पसरतात. त्या पुरत्या वाळेपर्यंत ताटांत राहतीलच असें नाहीं. घरांत मुलें असलीं तर संध्याकाळपर्यंत निम्मे ताट रिकामें झालेलें असतें.