एस.टी. वळणावर आली की

माझं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं आणि केमो सुरू होती, तेव्हाची गोष्ट. एस.टी. हॉस्पिटलच्या वळणावर आली की मला उलटी व्हायची. अजून सलाईन लागलेलं नाही, औषध अंगात गेलेलं नाही, तरी उलटी. सासूबाई म्हणाल्या, "मनाचे खेळ गं सगळे." फार लागलं मला ते.

हॉस्पिटलातल्या समुपदेशक ताईंनी मात्र नावं ठेवली नाहीत, कारण सांगितलं. केमोची मळमळ आणि तिथला स्पिरिटचा वास यांची शरीरानं गाठ मारलेली असते. मग नुसता वास आला, वळण दिसलं, तरी पोट ढवळतं. त्यांनी मला पायापासून खांद्यापर्यंत एकेक भाग आवळून सैल सोडायला शिकवलं, सावकाश श्वास घेत. आधी घरी, मग एस.टी.त. डॉक्टरांनी उलटीची गोळीही बदलली. उलटी पूर्ण थांबली नाही, कमी झाली. पण केमो मी पुरी केली. मधेच सोडणार होते, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढच्या भेटीत ताईंनी विचारलं, "रात्री जाग आली की मनात काय येतं?" घरी सगळे "पॉझिटिव्ह राहा" म्हणायचे, म्हणून मी न्हाणीघरात रडायची. त्या दिवशी पहिल्यांदा तोंडातून निघालं, "माझ्या लेकीलाही होईल का?" ताईंनी प्रश्न वहीत लिहायला लावला आणि डॉक्टरांकडे पाठवलं. स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्केच आनुवंशिक असतात, हे तेव्हा कळलं. डॉक्टरांनी माहेरच्या बायकांच्या आजारांचीही चौकशी केली. त्या रात्री मी झोपले.

मन खंबीर असलं की कॅन्सर पळतो, असं मात्र ताई कधी म्हणाल्या नाहीत. अमेरिकेतल्या डॉ. डेव्हिड स्पीगल यांना १९८९ साली दिसलं होतं, की गटात बसून मन मोकळं करणाऱ्या रुग्ण बायका जास्त जगल्या. त्यांनीच पुन्हा अभ्यास केला. २००७ च्या निकालात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. या उपचारानं भीती, उदासी हलकी होते, गाठ विरघळत नाही. तेव्हा आजार उलटला तर "तूच हिंमत हरलीस" असं कुणा बाईला म्हणू नका.

जवळ समुपदेशक नसेल तर सरकारच्या टेलीमानसचा १४४१६ हा फोन आहे, फुकट, रात्रंदिवस, मराठीतही बोलतात. आणि भेटीला घरचं कुणी बरोबर आलं, तर आधी थोडा वेळ त्यांना बाहेर बाकावर बसवा. आमचे मालक बसले होते. नंतर ताईंनी त्यांना आत घेतलं आणि मला बाहेर बसवलं.