अहवालाचे भाडे

कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले. समजा, तेथील एका आडत्याने आवक, दर व प्रत्येकाचे येणे-देणे दाखविणारे अहवाल आळंद भागातील तीनशे शेतकऱ्यांना आपल्याच ॲपमध्ये दाखवावयाचे ठरविले. अहवाल पॉवर बीआयवर तयार झाले. पण परवाना कोणता घ्यावा, येथे गाडी अडली.

एक मार्ग माणशी परवान्याचा. एप्रिल 2025 पासून प्रो परवान्याचा दर दरमहा 14 डॉलर झाला. पेढीतील दहा कारकुनांपुरता तो ठीक. परंतु तीनशेंसाठी 4200 डॉलर मोजणारा आडत्या तुरीत मिळविलेले संगणकात घालवील! शिवाय प्रत्येकास खाते हवे, आणि संकेतशब्द विसरला की फोन पेढीवरच येणार.

दुसरा मार्ग क्षमता भाड्याने घेण्याचा. येथे पाहणाऱ्यास परवाना लागत नाही. अहवाल रचणाऱ्यास मात्र प्रो घ्यावा लागतो. ए-1 ही लहान क्षमता ताशी सुमारे 1 डॉलरला पडते. अखंड चालविल्यास महिन्याचे सुमारे 735 डॉलर, म्हणजे बावन्न-त्रेपन्न प्रो परवान्यांइतके. रोज दहाच तास चालविल्यास तीनशेच्या आसपास. बंद ठेवली की भाडे थांबते, पण अहवालही दिसत नाही, हे शेतकऱ्यांस अगोदर सांगितलेले बरे. तुरीची गर्दी हिवाळ्यातली. आषाढात ती बंद ठेवण्यास हरकत नसावी. सौद्याच्या वेळी सर्वांनी एकदम अहवाल उघडले तर मात्र ए-1 रेंगाळण्याचा संभव आहे. तेवढ्या घटकेपुरती ए-2 घ्यावी. तिचे भाडे दुप्पट आहे.