मोरपिसांचा झगा

गोधड्यांच्या प्रदर्शनासाठी आमच्या गटातल्या चौघी इंग्लंडला जाऊन आलो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिथली थंडी आणि रोजचा पाव, हे सगळं सांगून झालंय. आज एकाच दिवसाबद्दल बोलायचं आहे. प्रदर्शन बंद होतं, म्हणून डर्बी शहरात राहणाऱ्या एका मराठी ताईंनी आम्हाला जवळच्या केडलस्टन हॉलला नेलं.

हॉल म्हणजे आपला लग्नाचा नव्हे. कर्झन घराण्याने १७५९ पासून बांधलेलं हे राहतं घर. आत शिरताच मोठं दालन, त्याला गुळगुळीत दगडाचे २० उंच खांब. बाहेर नजर पोचेल तिथवर हिरवळ आणि तळं. किती मोकळी जागा, असं आम्ही म्हणालो. तेव्हा ताईंनी सांगितलं, इथे गाव होतं. धन्याला घराभोवती मोकळं रान हवं होतं, म्हणून ते उठवून दुसरीकडे बसवलं. जुनं चर्च तेवढं घराला खेटून राहिलंय. आमच्यातल्या एकीचं माहेर धरणाखाली गेलेलं. ती त्या चर्चपाशी बराच वेळ उभी होती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्यांच्या देवळाचा कळस दिसतो.

याच घरातला लॉर्ड कर्झन १८९९ साली आपल्याकडे व्हाइसरॉय होऊन आला. बंगालची फाळणी करणारा तोच. कलकत्त्याचा सरकारी वाडा त्याच्या कितीतरी आधी याच घराच्या नमुन्यावर बांधलेला होता. म्हणजे साहेब सात समुद्र ओलांडून पुन्हा आपल्याच घरात राहायला गेला म्हणायचं!

त्याने इकडून नेलेल्या वस्तू खालच्या दालनात मांडल्या आहेत. हस्तिदंत, चांदी, शस्त्रं. तिथून आम्ही भराभर पुढे सरकलो. पाय अडला तो एका झग्यापाशी.

१९०३ च्या जानेवारीत दिल्लीत मोठा दरबार भरला होता, इंग्लंडचा नवा राजा आपला बादशहा झाला म्हणून. त्यातल्या नाचाच्या समारंभात कर्झनच्या बायकोने, मेरीबाईने, हा झगा घातला होता. वजन चार किलोहून जास्त. सगळ्या अंगभर मोरपिसं, एकावर एक चढलेली, सोन्याचांदीच्या जरीने भरलेली. आणि प्रत्येक पिसाचा डोळा हिरवा चमकतो. आम्हाला वाटलं, टिकली असेल किंवा पाचू. ते निघाले भुंग्याचे पंख! हिरव्या भुंग्याच्या पाठीवरचं कडक कवच टाचून बसवलंय.

चौघी सुईवाल्या, त्यामुळे आम्ही काचेला नाक लावून टाके बघत बसलो. लोक मागून येत आणि पुढे जात. असं जरीकाम कापड चौकटीवर ताणून करतात. मान खाली, नजर एका जागी. आमच्यातल्या वयाने मोठ्या काकू एवढंच म्हणाल्या, "डोळे गेले असतील गं कुणाकुणाचे."

भरतकाम दिल्लीकडच्या कारागिरांचं. भरलेलं कापड पॅरिसला गेलं आणि वर्थ नावाच्या नामांकित शिवणघरात त्याचा झगा झाला. घालणारीचं नाव आहे, शिवणघराचं नाव आहे. एकेक पीस भरणाऱ्या हातांची नावं मात्र आम्हाला कुठे दिसली नाहीत. दरबाराच्या तीनच वर्षं आधी, १८९९-१९०० साली, मोठा दुष्काळ पडला होता. आपल्या भागालाही त्याची झळ बसली होती. तेव्हा मिळाली ती मजुरी घेऊन कामाला बसणाऱ्याला नाव लिहा म्हणायची सोय कुठली?

झगा सुंदर आहे, यात वाद नाही. त्या बाईचा राग येण्याचंही कारण नाही. तीन वर्षांनी, १९०६ साली ती वारली. तिची समाधी त्याच चर्चमध्ये आहे.

परतताना गाडीत आमचा विषय एकच होता. आपल्या प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात शिवणारीचं नाव आणि गाव लिहिलेली पट्टी असते. आता शहरातल्या एका दुकानाची मोठी मागणी आली आहे. भाव बरा आहे, आगाऊ रक्कमही देतात. अट एकच, पट्टी त्यांच्या दुकानाची लागेल, आपली नाही. दोघी म्हणाल्या, पैसे आधी, पोरांच्या फिया भरायच्यात. दोघी म्हणाल्या, पट्टी काढायची तर ऑर्डरच नको. घर येईपर्यंत काही ठरलं नाही.

शनिवारी दुपारी तीनला समाजमंदिरात बैठक आहे. दुकानाचं पत्र सगळ्यांसमोर वाचून दाखवू. ज्यांनी गोधड्या शिवल्यात, त्या प्रत्येकीने यायचं आहे.