रुमालाखालचा भाव

खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची जुनी, नामांकित पेठ. जलंब-खामगाव हा रेल्वेफाटा 1870 मध्ये सुरू झाला तो या कापसासाठीच. त्या काळच्या बाजारांत ‘हत्ता’ पद्धत रूढ होती. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात धरून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. माल ज्याचा, तो शेतकरी शेजारीच उभा असे; पण कोणी किती देऊ केले, हे त्याला कळत नसे. इतर खरेदीदारांनाही नाही. 1897 मध्ये वऱ्हाडात कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला, आणि पुढे बाजार समित्यांत उघड लिलाव आला.

उघड बोलीने नेमके काय साधते? मालाचे खरे मोल एकट्या कोणालाच पूर्णपणे ठाऊक नसते. एकाला गिरण्यांची मागणी ठाऊक, दुसऱ्याला रुईचा उतारा नजरेने कळतो. बोली कानावर पडली की एकाचे ज्ञान दुसऱ्याच्या उपयोगी येते. आपणच जास्त देऊन फसू, ही धास्ती ओसरते आणि भाव चढतो. लिलावाच्या या शास्त्रासाठी पॉल मिलग्रॉम व रॉबर्ट विल्सन यांना 2020 मध्ये नोबेल मिळाले. नाक्यावर मालाचे परिमाण व किंमत सांगून तीनदा जाहीर पुकारा करावा, हा दंडक कौटिल्याने केव्हाच घालून दिला होता!

अर्थात शेतकऱ्याजवळही गुपित असते. गाडीच्या तळाशी ओला कापूस आहे की नाही, हे त्यालाच ठाऊक. मग खरेदीदार सर्वांच्याच भावात घट धरतो आणि प्रामाणिक माणूस विनाकारण भरडला जातो. अ‍ॅकरलॉफने 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने हेच दाखविले. येथे प्रवचनापेक्षा आर्द्रतामापक अधिक कामाचा.

खरी मेख वेगळीच आहे. चार खरेदीदारांनी आधीच संगनमत केले, तर उघड बोली हे नाटक ठरते. अशा व्यापाऱ्यांना कौटिल्याने 1000 पणांचा दंड सांगितला आहे. पण दंडाहूनही परिणामकारक गोष्ट म्हणजे माल परत नेण्याची शेतकऱ्याची ऐपत. सायंकाळपर्यंत याला विकावेच लागणार, घरी देणेकरी बसला आहे, हे व्यापारी ओळखून असतो. राज्य पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे. सोयाबीन, तूर गोदामात ठेवून किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते. ती पावती ज्याच्या खिशात आहे, तो पडलेला भाव ऐकून ‘आज देत नाही’ असे म्हणू शकतो.