बावन्न सूत्रांचा कापूस



पत्रिकेत आमचे नाव या विषयापुढे पाहून पुष्कळांना नवल वाटले असेल. विषय वनस्पतिशास्त्राचा आणि वक्ता युनियनचा! महाविद्यालयाची पायरी आम्ही चढलो, ती तेथल्या शिपायांच्या पगारवाढीचे निवेदन द्यायला. तेव्हा आम्ही या विषयाकडे कसे वळलो, ते आधी सांगितले पाहिजे.

1994 सालची गोष्ट. आम्ही एका सूतगिरणीत रिंगखात्यात होतो. एका आठवड्यात सूत एकाएकी फार तुटू लागले. धागा सांधावा, चार पावले पुढे जावे, तो मागे पुन्हा तुटलेला. व्यवस्थापनाने कामगारांचा हलगर्जीपणा ठरवून दंड बसवला. एक जुने जाणते कामगार आम्हांला बाजूला घेऊन म्हणाले, "अरे, बोटांना काय झालंय? रुई बघ. गावरानी मिसळलीय." आम्ही रुईचा पुंजका ओढून पाहिला. तंतू आखूड होते. पण का आखूड? एक कापूस आखूड आणि दुसरा लांब का? या प्रश्नापायी आम्ही सार्वजनिक वाचनालयात गेलो, ते आजतागायत तेथून पुरते बाहेर पडलेलो नाही.

प्रत्येक सजीवाच्या पेशीत गुणसूत्रे असतात. रोपाने कसे वाढावे, याच्या आज्ञा त्यांत साठवलेल्या असतात. आपल्या देशी कापसात गुणसूत्रे 26, आणि ज्याला आपण अमेरिकन म्हणतो त्याच्यात 52. बरोबर दुप्पट. हा योगायोग नव्हे. 1934 साली स्कोव्हस्टेड या शास्त्रज्ञाने दाखवले, की या 52 मध्ये 26 मोठी आहेत व 26 लहान. मोठी आपल्या देशी कापसाच्या घराण्यातली, लहान अमेरिकेतल्या रानकापसाच्या घराण्यातली. म्हणजे अमेरिकन म्हणवणाऱ्या या कापसाचे निम्मे गोत्र आफ्रिका-आशियाकडचे आहे. साधारण दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी हे मीलन झाले. माणूस तेव्हा शेती करीत नव्हता. इकडचे बी समुद्रावरून वाहत तिकडे पोहोचले असावे, असे मानतात.

पण नुसत्या संकराने भागत नाही. घोडा व गाढव यांचे खेचर ओझे वाहते, पण त्याचा वंश सहसा चालत नाही. बीज तयार होताना प्रत्येक गुणसूत्राला आपला जोडीदार लागतो, आणि परक्या घराण्यात तो सापडत नाही. मग वाट कोणती? पेशी विभागताना कधी एक चूक होते. गुणसूत्रे दुप्पट होतात, पेशी मात्र दुभंगत नाही. असे झाले की प्रत्येक गुणसूत्राला स्वतःचीच प्रत जोडीदार म्हणून मिळते आणि वांझ संकर फळाला येतो. संपूर्ण जनुकसंचाचे द्विगुणन म्हणतात ते हे.

ही नुसती कल्पना नव्हे. रशियात कार्पेचेन्को यांनी 1920 नंतरच्या दशकात मुळा आणि कोबी यांचा संकर केला. दोघांची गुणसूत्रे 18. संकर वांझ निघाला, पण त्यातून 36 गुणसूत्रांची सुपीक रोपे मिळाली. या माणसाला 1941 साली त्याच्याच सरकारने गोळ्या घातल्या. कामगारांच्या नावाने चाललेल्या राज्यात हे घडले, हे आमच्यासारख्याने तरी विसरू नये. पुढे 1937 साली कोल्चिसीन या द्रव्याने गुणसूत्रे दुप्पट करता येतात असे कळले, आणि 1940 साली बीस्ली यांनी आशियाई व अमेरिकन रानटी कापूस यांचा संकर दुप्पट करून निसर्गाची ती जुनी करामत प्रयोगात करून दाखवली.

आपल्या ताटातही हाच प्रकार आहे. खपली गव्हाची गुणसूत्रे 28, पोळीच्या नेहमीच्या गव्हाची 42. तीन गवतांचे संच त्या दाण्यात एकत्र नांदतात. एवढेच कशाला, झाडून साऱ्या फुलझाडांच्या पूर्वजांत अशी द्विगुणने होऊन गेली आहेत, असे जनुकांच्या वाचनावरून दिसते.

आता दुप्पट होऊन लाभ कोणता? एका कामाला दोन जनुके झाली. एक जुने काम सांभाळते, दुसरे मोकळे राहते. बहुधा ते मोडून नाहीसे होते. कधी दोघे काम वाटून घेतात. क्वचित दुसरे नवेच काम शिकते. सुसुमु ओह्नो यांनी 1970 साली हा विचार ठामपणे मांडला. कापसातला चमत्कार तर असा, की ज्या अमेरिकन रानकापसाला कातण्याजोगा तंतूच नाही, त्याच्याकडून आलेल्या गुणसूत्रांवरही लांब व बळकट तंतूला कारण होणारी जनुके सापडली.

आमच्यातले तरुण कार्यकर्ते हे ऐकून उसळतात. "म्हणजे जास्तीचा माणूस ओझे नसतो, हे निसर्गच सांगतो!" बदली कामगाराला जास्तीचा म्हणून घरी बसवताना आम्हीही पाहिले आहे, त्यामुळे हा मोह आम्हांलाही झाला. पण बंधूंनो, असला पुरावा आम्ही घेणार नाही. निसर्गात जास्तीची बहुतेक जनुके मरतात, दुप्पट झालेली बहुतेक रोपे टिकत नाहीत. तेथे कुणाच्या चुलीचा प्रश्न नसतो. येथे असतो. माणसाला भाकरी मिळावी, हे आपण ठरवायचे आहे. जनुकांना विचारून नव्हे.

आणि दुप्पट ते श्रेष्ठ, असेही समजू नका. स्वातंत्र्याच्या वेळी या देशातला बहुतेक कापूस 26 वाला होता. आज बहुतेक 52 वाला आहे, कारण गिरण्यांना लांब धागा हवा होता. पण गावरानी कापूस पाण्याचा ताण सोसतो, आणि पाने मुरडणाऱ्या विषाणूला दाद देत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने त्याच्यातही लांब तंतूचे वाण काढले आहेत. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातून हे बियाणे गेले, तर ते पुन्हा घडवायला दहा लाख वर्षे कुणापाशी आहेत?

त्या दंडाचे काय झाले, हे सांगायचे राहिले. वाचनालयातले टिपण घेऊन आम्ही व्यवस्थापकांसमोर बसलो. 26 आणि 52 चा हिशेब सांगितला. ते हसले. कापलेला दंड परत मिळाला नाही. मात्र आलेल्या रुईच्या तंतूची लांबी तपासून तो आकडा खात्याच्या फलकावर लावायचे त्यांनी कबूल केले. पुढे सूत तुटले की लोक आधी फलकाकडे पाहत आणि मग बोटांकडे.