चिठ्ठीची पोच

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला ‘आठवणी’ हा विषय दिलाय. आपल्या वर्गातल्या मुलींच्या निम्म्या आठवणी सायकलवरून पडण्याच्या आहेत. एकीची ओढणी चाकात गेली, ती कात्रीनं कापावी लागली. एकीचे ब्रेक वर्षभर लागत नव्हते, ती चपला घासून थांबायची. हरिपूर रस्त्यावर चिंचांकडे बघत बघत खांबाला धडकली, ती मी. दवाखाना कुणालाच लागला नाही. घरची हळद आणि आईचे दोन धपाटे, एवढ्यावर भागलं.

एक पडणं मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आधी थोडं सिनेमाबद्दल बोलते, तेवढाच धीर येईल.

इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर कुणीतरी बाझ लुहरमनच्या ‘रोमिओ + ज्युलिएट’ची सीडी आणली होती. आपली दहावी झाली त्याच वर्षीचा सिनेमा. संवाद शेक्सपिअरचे, पण अंगात भडक शर्ट, बुडाखाली गाड्या आणि हातात तलवारींऐवजी पिस्तुलं. त्या पिस्तुलांची कंपनीच ‘स्वोर्ड’! आम्ही खूप हसलो.

जुनं नाटक आजच्या काळात आणायचं तर मला वाटतं खरी अडचण एकच. ज्या क्षुल्लक वस्तूनं घात होतो, तिच्या जागी आता काय ठेवायचं? विशाल भारद्वाजनं ‘ऑथेल्लो’चा ‘ओंकारा’ केला, तेव्हा रुमालाच्या जागी कमरपट्टा आणला. घराण्यातला दागिना दिसेनासा झाला की काय होतं, ते आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. (आपल्या हरिपूरच्या देवलांनी याच नाटकाचं ‘झुंझारराव’ कितीतरी आधी केलं होतं. हे मी विसरले असते तर बाईंनी आत्ता इथेच उभं केलं असतं.) ‘मकबूल’मध्ये चालून येणाऱ्या जंगलाऐवजी समुद्र घरापर्यंत येतो. ते मला जरा ओढूनताणून वाटलं. मुंबईत समुद्र घरात येणं हे काय नवल!

रोमिओची गोष्ट मात्र मला झोपू देईना. मूळ नाटकात ज्युलिएट मेलेली नाही हे सांगणारं पत्र रोमिओला मिळत नाही, कारण ते नेणारा साधू प्लेगच्या संशयावरून एका घरात अडकवला जातो. सिनेमात कुरियरवाला दार वाजवतो, कुणी उघडत नाही, तो ‘येऊन गेलो’ अशी चिठ्ठी ठेवून जातो. बस, एवढंच. पुढची दोन प्रेतं त्या एवढ्याशा चुकामुकीची.

माझं पोट ज्या कामावर चालतं, ते म्हणजे एका यंत्राचा निरोप दुसऱ्याला पोचवणं. तिथला पहिला नियम असा, की पोच आली नाही तर निरोप पोचला असं धरायचं नाही, पुन्हा पाठवायचा. हा नियम मला नववीतच माहीत असता तर बरं झालं असतं.

जुलै १९९४. आपल्या वर्गातल्या दोघी पंधरा दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या. त्यातल्या एकीच्या वडिलांची बदली झाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी तिनं घडी घातलेली चिठ्ठी माझ्याकडे दिली. म्हणाली, “हरिपूरला जाऊन तिला दे, आणि वाचू नकोस.” निम्म्या वाटेत चेन पडली. मी उतरायचा आळस केला, चालत्या सायकलवरच पायानं चेन बसवायला गेले आणि सायकलीसकट कडेच्या ओघळात. गुडघा फुटला, त्याचं काही नाही. खिशातली चिठ्ठी उघडली तर नुसतं निळं पाणी.

तसंच हरिपूरला जाऊन “तिनं चिठ्ठी दिली होती, माझ्याकडून भिजली” एवढं सांगायचं होतं. मी घाबरले आणि मागे फिरले. “दिलीस?” तिनं विचारलं. ग्रीसनं काळे झालेले हात पाठीमागे घेऊन मी म्हणाले, “हो.”

सकाळी स्टँडवर निरोप द्यायला गेले. एसटी हलेपर्यंत ती गेटाकडे बघत होती. चिठ्ठीत काय होतं ते मला तेव्हा कळलं.

त्या दोघी आज इथे आहेत. एक तिसऱ्या रांगेत, एक अगदी मागे, दाराजवळ. सकाळपासून दोघी माझ्याशी भरभरून बोलल्या, एकमेकींशी नाही. मजकूर जिचा तिनं सांगावा. पंगतीत दोघींच्या मधलं पान माझं मांडलंय असं ऐकलं. मी तिथे बसणार नाही, वाढायला घेते.